तुळई, स्तंभ आणि पाया : रत्नागिरी जिल्ह्यातील बांधकामाचे काही व्यावहारिक प्रश्न

कोकणातील जुने घर जांभ्याच्या चिऱ्यांचे, लाकडी वाशांचे आणि कौलांचे असे. छपराचा भार भिंतीवर, भिंतीचा भार जोत्यावर आणि जोत्याचा भार जमिनीवर, असा त्याचा सरळ हिशेब होता. रत्नदुर्ग आणि जयगड येथील जांभ्याची तटबंदी समुद्राच्या काठावर शतकानुशतके उभी आहे. जांभ्याचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडामुळे येतो. म्हणजे या दगडातील लोह निसर्गाने आधीच गंजवून टाकलेले आहे. खाऱ्या वाऱ्याने नव्याने बिघडवावे असे त्यात फारसे उरलेले नाही.

आजची शाळा, आरोग्य केंद्र, ग्रामपंचायतीचे कार्यालय किंवा समाजमंदिर यांची गोष्ट वेगळी आहे. ही बांधकामे प्रबलित काँक्रीटची, म्हणजे आरसीसीची असतात. त्यांचा भार तुळई, स्तंभ आणि पाया यांच्या सांगाड्यावर असतो. गवंड्यांच्या बोलीत हेच बीम, कॉलम आणि फुटिंग. या सांगाड्याचे बळ काँक्रीटच्या पोटात दडलेल्या पोलादी सळ्यांत असते, आणि रत्नागिरीच्या हवेत पोलाद हीच सर्वांत नाजूक वस्तू आहे.

सांगाड्याचे संकल्पन करणे हे अभियंत्याचे काम होय. परंतु जागा कोणती घ्यावी, मजले किती असावेत, काम कोणत्या महिन्यात सुरू करावे, वाळू व पाणी कोठून आणावे आणि आधाराचे टेकू कधी काढावेत, हे निर्णय बहुधा पंचायत, शाळा व्यवस्थापन समिती, कंत्राटदार आणि संबंधित कार्यालय यांच्या हातात असतात. हे निर्णय संकल्पनात गृहीत धरलेल्या गोष्टींच्या विरुद्ध गेले, तर बिनचूक गणितही इमारतीला वाचवू शकत नाही. म्हणून या गणितामागील तत्त्वे अभियंत्याइतकीच पंचायत सदस्य, मुख्याध्यापक आणि कार्यालयप्रमुख यांनाही ठाऊक असणे अगत्याचे आहे.

भाराचा प्रवास

इमारतीतील प्रत्येक किलोग्रॅम भार शेवटी जमिनीपर्यंत पोहोचतो. स्लॅबवरील भार तुळईवर, तुळईवरील भार स्तंभावर, स्तंभावरील पायावर आणि पायावरील जमिनीवर जातो. या साखळीतील एक कडी दुबळी राहिली तर उरलेल्या कड्या कितीही मजबूत असून उपयोग नाही.

एक उदाहरण घेऊ. एका शाळेच्या एकमजली इमारतीत मधल्या एका स्तंभाच्या वाट्याला ४ मीटर × ३ मीटर, म्हणजे १२ चौरस मीटर छत येते असे समजू. छताचा स्लॅब १२५ मिलिमीटर जाडीचा आहे. काँक्रीटचे वजन दर घनमीटरला सुमारे २,५०० किलोग्रॅम असते. म्हणून स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ३१२ किलोग्रॅम होते. जलरोधक थरासाठी २०० आणि छतावर वावरणाऱ्या माणसांसाठी १५० किलोग्रॅम धरले, तर १२ चौरस मीटरचा भार सुमारे ८ टन होतो. छतालगतच्या तुळईचे सव्वा टन, जोत्याच्या पातळीवरील तुळईचे तितकेच, ३०० मिलिमीटर चौरस स्तंभाचे पाऊण टनाहून थोडे कमी आणि ३ मीटर लांब, २३० मिलिमीटर जाड जांभ्याच्या भिंतीचे पावणेचार टन मिळवावे. एकूण भार पावणेपंधरा टनांच्या आसपास जातो. पायाच्या स्वतःच्या वजनासाठी आणखी एक दशांश धरला म्हणजे तो सुमारे १६ टन होतो.

जमीन दर चौरस मीटरला १० टन भार सुरक्षितपणे पेलते असे परीक्षणात आढळले, तर या पायाला १.६ चौरस मीटर क्षेत्र हवे. १.३ मीटर लांब व तितकाच रुंद पाया त्यास पुरतो.

काही वर्षांनी पटसंख्या वाढते, निधी उपलब्ध होतो आणि त्याच इमारतीवर दुसरा मजला चढविण्याचा ठराव होतो. आता खालच्या स्लॅबवर वर्गखोली येणार. तेथे विद्यार्थी व बाके यांच्यासाठी दर चौरस मीटरला ३०० किलोग्रॅम धरावे लागतात. नवी तुळई, नवी भिंत व नवा स्तंभ यांसह भारात सुमारे १४ टनांची भर पडते. पायाच्या वजनासह एकूण भार जवळजवळ ३२ टन होतो. त्यासाठी १.८ मीटर चौरस पाया हवा. जमिनीत आहे तो १.३ मीटरचा. परिणामी जमिनीवर दर चौरस मीटरला १० ऐवजी जवळजवळ १९ टन भार पडतो. वरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. पहिला मजला वर्षानुवर्षे व्यवस्थित उभा असल्यामुळे दुसराही उभा राहील असा समज होतो. प्रत्यक्षात पहिल्या मजल्याने फक्त पहिल्या मजल्याची परीक्षा दिलेली असते.

हे उदाहरण केवळ समजुतीसाठी आहे. प्रत्यक्ष संकल्पनात वारा, भूकंप आणि स्तंभावर येणारा वाक यांचाही विचार होतो. तात्पर्य इतकेच की, पुढे मजला वाढविण्याचा विचार असेल तर तो पाया खणण्यापूर्वीच सांगितला पाहिजे. जुन्या इमारतीवर मजला चढविताना मूळ संकल्पचित्रे कार्यालयात उपलब्ध नसतील, तर पाया उघडून त्याची मापे घेतल्यावाचून ठराव करू नये. याच कारणासाठी प्रत्येक सार्वजनिक इमारतीची संकल्पचित्रे दप्तरी जपून ठेवणे हे कार्यालयाचे महत्त्वाचे कर्तव्य ठरते.

कातळ आणि भराव

रत्नागिरीच्या सड्यावर कुदळ आपटली की ठणठणीत जांभा लागतो. येथे पायाचा प्रश्नच नाही, असे पाहणाऱ्यास वाटते. हा समज अर्धाच खरा आहे. जांभ्याचा वरचा थर हवेने कठीण झालेला असतो. खाली अनेक ठिकाणी तो मऊ होत जातो आणि त्याच्या तळाशी पांढरट-पिवळसर चिकण माती लागते. काही ठिकाणी पाण्याने आतील मऊ भाग वाहून नेल्यामुळे पोकळ्याही तयार झालेल्या असतात. वरचे कवच जाड असेल तर इमारत निर्धास्त असते. ते पातळ असेल, किंवा चिरे काढण्याच्या खाणीने शेजारून कापले गेले असेल, तर धोका संभवतो.

यासाठी परीक्षण-खड्डा घेणे आवश्यक आहे. पायाच्या तळाखाली, पायाच्या रुंदीच्या निदान दीडपट खोलीपर्यंत कोणते थर आहेत हे समजले पाहिजे. गावातील विहिरी हे या बाबतीत तयार पुस्तकच असते. शेजारच्या विहिरीच्या काठांवर थर स्पष्ट दिसतात आणि पाण्याची पातळी वैशाखात कोठे व श्रावणात कोठे असते हे गावकऱ्यांना ठाऊक असते. ही पातळी पायाच्या तळापर्यंत चढत असेल, तर वाळूमिश्रित मातीची धारणक्षमता जवळजवळ निम्म्यापर्यंत घटू शकते. उन्हाळ्यात केलेल्या परीक्षणाचा आकडा पावसाळ्यात जसाच्या तसा लागू पडत नाही, ही गोष्ट अभियंत्याच्या नजरेस आणून देणे हे स्थानिक प्रतिनिधींचे काम होय.

याहूनही नेहमीची अडचण म्हणजे अर्धा कातळ आणि अर्धा भराव. उतारावर मैदान हवे म्हणून वरची बाजू कापली जाते व निघालेली माती खालच्या बाजूस टाकली जाते. अशा जागेवर इमारत उभी केली की तिचे काही स्तंभ कातळावर आणि काही भरावावर येतात. पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत भराव खचतो, कातळ जागचा हलत नाही. सगळी इमारत सारखी खचली तर फारसे बिघडत नाही. एक बाजू खचून दुसरी तशीच राहिली म्हणजे तुळईला तिरके तडे जातात, दारे अडकू लागतात आणि भिंती फाटतात. भरावावर कितीही रोलर फिरविला तरी पायाचा तळ त्याखालच्या मूळ जमिनीतच नेला पाहिजे. तसे करणे फार खर्चाचे होत असेल, तर इमारतीचे दोन स्वतंत्र भाग करून मध्ये सांधा ठेवावा.

खाडीकाठच्या खाजण जमिनीचा प्रश्न आणखी कठीण आहे. दाभोळ, जयगड, भाट्ये किंवा पूर्णगड यांसारख्या खाड्यांच्या काठी माती मऊ असते व भूजल खारट असते. तेथे सुटे पाये न चालता एकत्रित पाया किंवा खोलवर जाणाऱ्या खुंट्या, म्हणजे पाइल, घ्याव्या लागतात. गावात दुसरी जागा मिळत असेल तर खाजणातील जागा फुकट मिळाली तरी महाग पडते.

उतारावरील आखूड स्तंभ

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयना परिसरात झालेल्या सुमारे साडेसहा महत्तेच्या भूकंपात पावणेदोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. कोयना प्रकल्पाचे पोफळी हे ठिकाण चिपळूण तालुक्यातच आहे. भूकंपरोधक संकल्पनाविषयीच्या आयएस १८९३ या भारतीय मानकाच्या २००२ व २०१६ च्या आवृत्त्यांतील नकाशांत कोयनेभोवतालचा पट्टा चौथ्या विभागात दाखविला असून त्यात रत्नागिरी जिल्ह्याचा भाग मोडतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी भूकंपाचा विचार वगळून केलेले संकल्पन अपुरेच म्हणावे लागेल.

उतारावरील इमारतीत एक खास दोष संभवतो. वरच्या बाजूचे स्तंभ आखूड आणि खालच्या बाजूचे लांब असतात. आखूड स्तंभ दिसायला बळकट, पण भूकंपात तोच आधी फुटतो. स्तंभाची ताठरता उंचीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. सारख्याच जाडीचे दोन स्तंभ घेतले आणि एक ३ मीटरचा व दुसरा दीड मीटरचा असला, तर दुसरा आठपट ताठर असतो. इमारत हलू लागली की ताठर स्तंभ त्याच प्रमाणात अधिक जोर स्वतःवर ओढून घेतो. दोन स्तंभांमध्ये खिडकीच्या पातळीपर्यंतच भिंत बांधली तरी असाच आखूड स्तंभ तयार होतो. शाळांच्या व्हरांड्यांत हा प्रकार नेहमी आढळतो.

स्तंभाची जाडी आणि रिंगा यांबाबतही जुनी सवय सोडावी लागेल. भिंतीच्या जाडीत लपावा म्हणून २३० मिलिमीटरचा स्तंभ घेण्याचा प्रघात आहे. भूकंपप्रवण विभागांतील तपशिलांसाठी असलेल्या आयएस १३९२० या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत स्तंभाची लहान बाजू किमान ३०० मिलिमीटर असावी असे म्हटले आहे. अशा स्तंभात वरच्या व खालच्या टोकाशी किमान ४५० मिलिमीटर उंचीपर्यंत रिंगा ७५ मिलिमीटरहून अधिक अंतरावर असू नयेत. रिंगेची टोके काटकोनात न ठेवता १३५ अंशांत आत वळविली पाहिजेत. काटकोनात वळविलेली रिंग धक्क्याने काँक्रीटची बाहेरची कपची उडताच उघडते. मग उभ्या सळ्या बाहेर फुगतात आणि स्तंभ बसतो. रिंगेची ही वळणे तपासण्यास अभियांत्रिकीच्या पदवीची गरज नाही; काँक्रीट ओतण्यापूर्वी पाच मिनिटे डोळे उघडे ठेवले म्हणजे पुरे.

पंचेचाळीस मिलिमीटरचे मोल

ताज्या काँक्रीटमध्ये चुन्याचा अंश विपुल असतो आणि त्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर एक सूक्ष्म संरक्षक थर तयार होतो. तो टिकून आहे तोवर सळई गंजत नाही. समुद्राच्या हवेतील क्षार ओलाव्याबरोबर काँक्रीटच्या छिद्रांतून आत शिरतात व सळईपर्यंत पोहोचताच हा थर भेदतात. गंजलेल्या लोखंडाचे आकारमान मूळच्या दोन ते सहा पट होते. या फुगवट्याने काँक्रीट आतून फाटते, तड्यांतून आणखी पाणी शिरते व गंज अधिक वेगाने वाढतो.

क्षार आणि सळई यांच्यामध्ये उभा असतो तो फक्त काँक्रीटचा बाहेरचा थर, ज्याला कव्हर म्हणतात. आयएस ४५६ या मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीत किनारी हवेला उघडे असलेले काँक्रीट ‘तीव्र’ वर्गात धरले आहे. अशा ठिकाणी काँक्रीटची प्रत किमान एम-३०, घनमीटरला किमान ३२० किलोग्रॅम सिमेंट, पाणी व सिमेंटचे प्रमाण ०.४५ पेक्षा अधिक नाही आणि कव्हर ४५ मिलिमीटर, अशा अटी आहेत. समुद्राचे तुषार थेट उडत असतील तर वर्ग ‘अतितीव्र’ होतो. मग प्रत एम-३५ आणि कव्हर ५० मिलिमीटर घ्यावे लागते. पायाला कोठेही ५० मिलिमीटरहून कमी कव्हर चालत नाही. मानकांत वेळोवेळी सुधारणा होतात. संकल्पनाच्या वेळी लागू असलेली आवृत्ती पाहणे हे अभियंत्याचे कर्तव्य आहे.

कव्हर हे आतील रिंगेच्या बाहेरच्या कडेपासून मोजायचे असते. ३०० मिलिमीटर स्तंभात दोन्ही बाजूंना ४५ मिलिमीटर सोडले तर रिंगेची बाहेरची रुंदी २१० मिलिमीटर भरली पाहिजे. गवंड्याने सवयीने २५० मिलिमीटरची रिंग वळविली, तर प्रत्येक बाजूस २५ मिलिमीटरच कव्हर उरते. क्षाराला सळई गाठण्यास लागणारा काळ कव्हरच्या जाडीच्या मानाने साधारणपणे वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे कव्हर निम्मे झाले तर संरक्षणाची वर्षे निम्मी न राहता पाव होण्याचा संभव असतो. विटेचा किंवा चिऱ्याचा तुकडा सळईखाली सारून कव्हर साधत नाही. तो ओलावा शोषून थेट सळईला देतो. कव्हर ब्लॉक काँक्रीटच्याच प्रतीचे व ठरलेल्या जाडीचे असावेत.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. घमेल्याच्या मापाने केलेले १:२:४ मिश्रण साधारणपणे एम-१५ च्या आसपास भरते. उपरोक्त मानकाने असे मोजके प्रमाण जास्तीत जास्त एम-२० पर्यंतच मान्य केले आहे. एम-३० साठी प्रयोगशाळेत ठरविलेले मिश्रणच वापरावे लागते. किनाऱ्यावरील गावात घमेल्याच्या अंदाजाने आरसीसीचे काम चालू असेल, तर ते संकल्पनाप्रमाणे होत नाही हे निश्चित समजावे.

वाळू, पाणी आणि कामाचा हंगाम

न धुतलेल्या खाडीच्या वाळूत मीठ असते. ते काँक्रीटमध्ये गेले तर शत्रूला बाहेरून येण्याची गरजच उरत नाही. अशी वाळू आरसीसीत वापरू नये. खाडीलगतच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. आरसीसीसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून अधिक नसावे. गावाने पिण्यासाठी नाकारलेले पाणी काँक्रीटला चालेल, असे मानणे चूक आहे.

पाण्याच्या प्रमाणाचा हिशेबही साधा आहे. ०.४५ हे प्रमाण धरले तर ५० किलोग्रॅमच्या एका पोत्यास साडेबावीस लिटर पाणी लागते. वाळू ओली असेल तर तिच्यातील पाणी यातून वजा करावे लागते. पोत्यामागे १०० किलोग्रॅम वाळू पडत असेल व तिच्यात पाच टक्के ओल असेल, तर पाच लिटर पाणी वाळूबरोबरच येते. वरून साडेसतरा लिटरच घालायचे उरते. काँक्रीट सहज पसरावे म्हणून कामगार बादलीभर पाणी आणखी ओततात. हे जादा पाणी सुकून गेल्यावर मागे बारीक छिद्रे ठेवते, आणि क्षार त्याच वाटेने आत येतात.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरी एप्रिल-मे महिन्यांत अनेक वाड्यांना टँकरने पाणी पुरवावे लागते. बांधकामाचा हंगामही नेमका हाच. निधी आर्थिक वर्षाच्या अखेरीस उपलब्ध होतो, स्लॅब मे महिन्यात पडतो आणि पाणी मारण्यास पाणी नसते. साध्या पोर्टलँड सिमेंटचे काँक्रीट किमान सात दिवस व मिश्र सिमेंटचे किमान दहा दिवस ओले ठेवले पाहिजे; उष्ण व कोरड्या दिवसांत ही मुदत वाढवावी. स्लॅबवर गोणपाट पसरले किंवा मातीचे वाफे करून पाणी साठविले, तर थोड्या पाण्यात काम भागते. परंतु खरा उपाय वेळापत्रकात आहे. पाया दिवाळीनंतर लगेच घेतला आणि स्लॅब फेब्रुवारीपर्यंत पुरा झाला, तर विहिरींना पाणी असते आणि पावसाची घाईही नसते.

या घाईतच टेकू लवकर काढले जातात. आयएस ४५६ प्रमाणे साध्या पोर्टलँड सिमेंटच्या कामात साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवसांनी काढावेत. तुळईचा गाळा सहा मीटरपर्यंत असेल तर १४ दिवस आणि त्याहून मोठा असेल तर २१ दिवस टेकू ठेवावेत. मिश्र सिमेंट वापरल्यास ही मुदत अभियंत्याच्या सल्ल्याने वाढवावी लागते. टेकू दुसऱ्या कामावर हवे आहेत, हे मुदत कमी करण्याचे कारण होऊ शकत नाही.

सळई कोठे असावी

काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताण मात्र त्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकाच. दोन टोकांवर टेकलेली तुळई मध्यावर खाली वाकते, तेव्हा तिची खालची बाजू ताणली जाते. म्हणून मुख्य सळ्या खाली असतात. तीच तुळई स्तंभावरून पुढच्या गाळ्यात जाते तेथे ताण वरच्या बाजूस येतो. म्हणून तेथे वरच्या सळ्या महत्त्वाच्या ठरतात. छज्जा किंवा पुढे आलेली गॅलरी भिंतीतून बाहेर झुलत असते. तिच्यात ताण सर्वत्र वरच असतो.

छज्ज्याचे अपघात बहुधा याच कारणाने होतात. १२५ मिलिमीटर जाडीच्या छज्ज्यात वरचे ४५ मिलिमीटर कव्हर व सळईची निम्मी जाडी वजा जाता कामाची खोली सुमारे ७५ मिलिमीटर राहते. काँक्रीट ओतताना कामगाराच्या पायाखाली सळई २५ मिलिमीटर खाली दबली, तर खोली ५० मिलिमीटर होते आणि छज्ज्याचे सुमारे एक तृतीयांश बळ नाहीसे होते. नकाशा बरोबर, सळई पुरेशी, मिश्रण उत्तम; तरीही छज्जा दुबळा. यासाठी वरच्या सळ्यांना लोखंडी घोड्यांचा आधार द्यावा आणि कामगारांना चालण्यासाठी फळ्या टाकाव्यात.

रत्नागिरीत आणखी एक दृश्य वारंवार दिसते. पुढे मजला वाढवायचा म्हणून स्तंभांच्या सळ्या छतावर उघड्या सोडलेल्या असतात. खाऱ्या वाऱ्यात आणि चार महिन्यांच्या पावसात त्या झपाट्याने गंजतात. गंज सळईच्या कडेने खालच्या स्तंभात उतरतो आणि आशेने ठेवलेली सळई असलेल्या मजल्याचेच नुकसान करते. अशा सळ्यांवर सिमेंटचा लेप देऊन त्या कमजोर काँक्रीटच्या आवरणात झाकाव्यात. पुढे काम करताना ते सहज फोडता येते.

देखभाल आणि वेळीच तपासणी

गंज गुपचूप येत नाही. तो खुणा देतो. सळईच्या रेषेने सरळ जाणारा तडा, तपकिरी ओघळ, फुगलेला गिलावा, हातोडीने हलके ठोकल्यावर येणारा पोकळ आवाज, या त्या खुणा होत. अशा जागी नवा गिलावा करून रंग देणे म्हणजे दुखणे झाकणे होय. सैल काँक्रीट काढून, सळई घासून स्वच्छ करून, तिची उरलेली जाडी मोजून मगच दुरुस्ती ठरवावी. शेजारच्या रायगड जिल्ह्यात महाड येथे २४ ऑगस्ट २०२० रोजी पाच मजली निवासी इमारत कोसळून १६ जणांचा मृत्यू झाला. ती इमारत फार जुनी नव्हती. इमारत नवी आहे, एवढ्यावर तिच्या सुरक्षिततेची खात्री बाळगता येत नाही, हा धडा त्यातून घ्यावयाचा आहे.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली व मंडणगड तालुक्यांत मोठी हानी केली. २२ जुलै २०२१ च्या महापुराने चिपळूण शहर पाण्याखाली गेले. अशा प्रसंगी गावकरी आसऱ्यासाठी शाळेत आणि समाजमंदिरातच धाव घेतात. म्हणून या इमारती गावातील इतर घरांपेक्षा अधिक भरवशाच्या असल्या पाहिजेत. पूर ओसरल्यावर पायाभोवतीची माती वाहून गेली आहे काय हे पाहिल्याशिवाय वर्ग पुन्हा भरवू नयेत.

पंचायतीने विचारावयाचे प्रश्न

कामावर देखरेख करणाऱ्या सदस्याने सारे गणित शिकण्याची आवश्यकता नाही. योग्य वेळी योग्य प्रश्न विचारले म्हणजे पुष्कळ साधते.

पाया खणताना : परीक्षण-खड्डा घेतला काय? सर्व स्तंभांचा पाया मूळ जमिनीवर आहे काय? मजला वाढविण्याचा विचार संकल्पनात धरला आहे काय?

सळई बांधल्यावर : कव्हर ब्लॉक किती जाडीचे आहेत? रिंगांची टोके आत वळली आहेत काय? स्तंभाच्या दोन्ही टोकांशी रिंगा जवळजवळ आहेत काय? छज्ज्याच्या सळ्या वर आहेत काय?

काँक्रीट ओतताना : पाणी मोजून घातले जाते काय? वाळू व पाणी यांचे परीक्षण झाले काय? १५० मिलिमीटरचे चाचणी-घन भरले काय, आणि २८ दिवसांनी त्यांचा अहवाल कोण आणणार?

काम झाल्यावर : टेकू काढण्याची तारीख फलकावर लिहिली आहे काय? पाणी मारण्याची जबाबदारी कोणावर आहे? संकल्पचित्रांची प्रत पंचायतीच्या दप्तरी आली काय?

यांतील प्रत्येक उत्तर मोजमाप पुस्तिकेबरोबरच पंचायतीच्या नोंदवहीतही उतरवावे. पाया मातीने झाकला, सळई काँक्रीटने झाकली आणि काँक्रीट गिलाव्याने झाकले म्हणजे कोणाही तपासनिसाला आतले दिसत नाही. त्या झाकण्यापूर्वीच्या काही तासांतच इमारतीचे आयुष्य ठरत असते, आणि त्या वेळी कामावर हजर राहू शकणारा माणूस बहुधा गावातलाच असतो.